एका मैलाच्या आत शाळा : पंडित रविशंकर शुक्ल

स्मरणिका समितीने आपल्या जिल्ह्याच्या शिक्षणाशी संबंध असलेल्या एका दिवंगत थोर व्यक्तीवर लिहायला सांगितले. बहुतेकांची अपेक्षा गांधीजी, विनोबा किंवा जमनालालजींवर लेख येईल अशी असणार. त्यांच्यावर आपल्या जुन्या अंकांत लिहून झालेले आहे आणि पुढेही होईल. मी मुद्दाम वेगळे नाव निवडले आहे. या माणसाचा जन्म वर्ध्यात झाला नाही, त्याची भाषा मराठी नव्हती, आणि मराठी विदर्भाच्या मनात त्याच्याविषयी थोडी अढीही होती. तरीही खेड्यातल्या प्रत्येक मुलाला चालत जाता येईल इतक्या अंतरावर शाळा असली पाहिजे, हा हिशेब आपल्या भागात सरकारी पातळीवर पहिल्यांदा ज्यांनी मांडला, त्यांत त्याचे नाव वरचे आहे. ते नाव म्हणजे पंडित रविशंकर शुक्ल.

मी स्वतः नोकरीची सगळी वर्षे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत काढली. पट, पटावरील हजेरी, वर्गखोली, एकशिक्षकी शाळा हे शब्द माझ्या रोजच्या बोलण्यातले. म्हणूनच शुक्लजींच्या चरित्रातला इतरांना कोरडा वाटणारा भाग मला सर्वांत जास्त भावला. तोच इथे जरा सविस्तर सांगतो. राजकारणाचा भाग आवश्यक तेवढाच घेतो.

शुक्लजींचा जन्म २ ऑगस्ट १८७७ रोजी मध्य प्रांतातील सागर येथे झाला. प्राथमिक शिक्षण तिथेच झाले. पुढे कुटुंब छत्तीसगडकडे आले आणि रायपूर ही त्यांची कर्मभूमी ठरली. पदवीसाठी ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. त्या काळी सागरपासून चांद्यापर्यंतच्या मुलाला बी.ए. व्हायचे तर नागपूर किंवा जबलपूर गाठावे लागे, त्यामुळे हिंदी आणि मराठी मुलगे एकाच बाकावर बसत. मराठी मुलखाची आणि मराठी माणसाची ओळख त्यांना या नागपूरच्या दिवसांत झाली.

शिक्षण संपल्यावर त्यांनी आधी मास्तरकी केली, वकिली नंतर आली. खैरागड संस्थानातील शाळेचे ते मुख्याध्यापक होते. पुढारी म्हणून त्यांचे चरित्र सांगणारे या काळावरून एका ओळीत पुढे जातात. मला मात्र तो महत्त्वाचा वाटतो. वर्गात उभे राहिलेल्या माणसाला आकड्यांमागचे चेहरे दिसतात. शाळेत नाव घातलेला मुलगा आणि प्रत्यक्ष शाळेत बसलेला मुलगा यांतला फरक त्याला कोणी समजावून द्यावा लागत नाही.

त्यानंतर कायद्याची पदवी घेऊन ते वकील झाले आणि रायपूरला त्यांचा चांगला जम बसला. १९२०-२१ च्या असहकाराच्या लाटेत ते काँग्रेसच्या कामात पूर्णपणे उतरले. तुरुंगवास झाला, कायदेमंडळात निवडून गेले, मिठाच्या सत्याग्रहात पुन्हा तुरुंगात गेले. १९३३ च्या नोव्हेंबरात गांधीजींनी आपल्या वर्ध्याहून हरिजन दौरा सुरू केला. त्या दौऱ्यात ते छत्तीसगडात आले, तेव्हा रायपूरचा त्यांचा मुक्काम शुक्लजींच्या घरी होता.

या धामधुमीतच शुक्लजींनी रायपूर डिस्ट्रिक्ट कौन्सिलचे अध्यक्षपद सांभाळले. आजच्या पिढीला डिस्ट्रिक्ट कौन्सिल म्हणजे काय ते सांगायला हवे. आजच्या जिल्हा परिषदेची ही आजी म्हणा. खेड्यांतल्या प्राथमिक शाळा, दवाखाने, कोंडवाडे आणि कच्चे रस्ते तिच्याकडे असत. मध्य प्रांतात १९२० मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला होता. एखाद्या स्थानिक संस्थेने ठरवले तर आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याची सोय त्यात होती. पण सोय कागदावर असून भागत नाही. सक्ती करायची तर आधी सगळी मुले बसतील एवढ्या शाळा हव्यात, शाळांना गुरुजी हवेत आणि गुरुजींना पगार हवा. कौन्सिलच्या तिजोरीत तेवढा पैसा नसे. म्हणून सक्तीचा कायदा बहुतेक ठिकाणी थोड्या शहरांपुरता आणि थोड्या गावांपुरता राहिला.

रायपूरच्या शाळांत शुक्लजींनी बरेच केले. राष्ट्रीय गीते म्हणण्याची प्रथा पाडली आणि शिक्षकांसाठी मासिक काढले. खेड्यातल्या गुरुजीला आपण एकटे नाही, आपल्यामागे कोणी आहे, असे वाटावे म्हणून धडपड केली. पण जिथे शाळा नाही त्या गावाचे काय, हा प्रश्न तसाच उरला. मागणी होती. अर्ज घेऊन गावकरी कौन्सिलच्या दारात येत. द्यायला मात्र काही नव्हते.

१९३७ साली प्रांतांत निवडणुका झाल्या आणि मध्य प्रांत व वऱ्हाडात काँग्रेसला बहुमत मिळाले. जुलैमध्ये डॉ. ना. भा. खरे यांचे मंत्रिमंडळ आले आणि शुक्लजींकडे शिक्षण खाते आले. वय साठीला टेकलेले. ज्या वयात आपण पेन्शनची कागदपत्रे जमवतो, त्या वयात त्यांनी आयुष्यातले सर्वांत मोठे शैक्षणिक काम हाती घेतले.

पेच मोठा होता. प्रांताच्या उत्पन्नातला मोठा वाटा दारूवरच्या अबकारीतून येई आणि शाळांचा खर्च त्याच तिजोरीतून भागे. काँग्रेसने तर दारूबंदीचा शब्द दिलेला. म्हणजे बापाच्या दारूच्या पैशावर मुलाची शाळा चालवायची नाही आणि शाळा मात्र वाढवायच्या. आपला वर्धा जिल्हा आज दारूबंदीचा जिल्हा आहे, त्यामुळे हा पेच आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळावा. नवा कर बसवावा तर मंदीने शेतकरी आधीच मोडलेला. कापसाचे भाव कोसळलेले, सावकाराचे व्याज चढलेले.

यातून शुक्लजींनी विद्यामंदिर योजना काढली. योजनेचा गाभा एखाद्या हुशार मास्तराने फळ्यावर मांडावा इतका सरळ होता. ज्या गावाला किंवा गावांच्या गटाला एका मैलाच्या आत शाळा नाही, आणि जिथे शाळेच्या वयाची साधारण ४० मुले-मुली मिळतील, तिथे एक विद्यामंदिर उघडायचे. शाळेचा खर्च भागवायला सरकारी तिजोरीकडे पाहायचे नाही. गावातल्या मालगुजाराने, जमीनदाराने किंवा ऐपतदार शेतकऱ्याने शाळेला जमीन दान द्यायची. ती जमीन वर्षाला निव्वळ सुमारे २०० रुपये उत्पन्न देणारी असावी. गुरुजीचा पगार महिना १५ रुपये. बारा महिन्यांचे झाले १८०. उरलेल्या २० रुपयांत खडू, फळा, चटया आणि डागडुजी.

मित्रहो, हा हिशेब पुन्हा एकदा वाचा. त्यात आधी अंतर येते. मुलाचे पाय किती चालू शकतील ते पाहून शाळेची जागा ठरते. मग मुले येतात, म्हणजे मागणी मोजली जाते. मग गुरुजी येतो. इमारत सर्वांत शेवटी येते. आपल्याकडे आज नेमके उलटे चालते. आधी इमारतीचा निधी येतो, मग भूमिपूजन, मग फलक, आणि गुरुजीची जागा रिक्त.

दुसरी गोष्ट जमिनीची. विनोबांनी पोचमपल्लीला भूदान मागितले ते १९५१ साली. त्याच्या तेरा-चौदा वर्षे आधी शाळेसाठी जमीन मागण्याचा हा प्रयोग आपल्या प्रांतात झाला होता. भूदानाचा विचार त्यातून निघाला असे मी म्हणत नाही, तशी तुलना ओढूनताणून होईल. पण गावाची शाळा गावाच्या मातीतून उभी राहावी आणि जमिनीच्या धन्याने शिक्षणाचे देणे द्यावे, ही कल्पना दोन्हींत एका जातीची आहे.

याच सुमारास वर्ध्यात दुसरा प्रवाह वाहत होता. गांधीजी शेगावला राहत होते. त्याचे सेवाग्राम पुढे १९४० मध्ये झाले. शिक्षण हस्तोद्योगातून द्यावे, मातृभाषेतून द्यावे आणि ते सात वर्षांचे असावे, असे विचार ते हरिजन साप्ताहिकातून मांडत होते. मारवाडी शिक्षण मंडळाच्या रौप्य महोत्सवाचे निमित्त साधून २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी गांधीजी होते. काँग्रेस प्रांतांचे मंत्री आले होते. मुंबईचे बाळासाहेब खेर, मद्रासचे सुब्बरायन आणि आपल्या प्रांताचे शुक्ल. विनोबा, काका कालेलकर, डॉ. झाकिर हुसेन ही मंडळी होतीच. परिषदेने झाकिर हुसेन समिती नेमली. समितीत विनोबा, किशोरलाल मशरूवाला, कुमारप्पा यांच्यासोबत आपल्या वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू होते. निमंत्रक आर्यनायकम् होते आणि आशादेवीही सदस्य होत्या. २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल तयार झाला. जगाच्या शिक्षणशास्त्रात वर्धा योजना म्हणून नाव झाले ते याचे.

वर्धा योजना आणि विद्यामंदिर योजना यांची अनेकदा गल्लत होते. शाळेत शिकवताना मी ती नेहमी अशी वेगळी करून सांगत असे : वर्गात काय आणि कसे शिकवायचे, याचे उत्तर वर्धा योजनेत होते. वर्ग कुठे भरवायचा आणि गुरुजीला पगार कुठून द्यायचा, याचे उत्तर विद्यामंदिरात होते. गांधीजींना वाटे की मुलांच्या कताईतून आणि उद्योगातून शाळेचा खर्च बऱ्याच अंशी निघावा. शुक्लजींनी भार मुलांच्या हातांवर न टाकता जमिनीवर टाकला. दोघांचीही अडचण एकच होती : तिजोरी रिकामी आणि मुले फार.

शुक्लजींचे शहाणपण असे की त्यांनी या दोन गोष्टींची गाठ घातली. विद्यामंदिराच्या गुरुजींना नव्या पद्धतीचे शिक्षण द्यायचे ठरले आणि त्यासाठी जागा निवडली ती वर्ध्याची. एप्रिल १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते वर्ध्याच्या विद्यामंदिर ट्रेनिंग स्कूलचा समारंभ झाला. त्याच वर्षी हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला आणि पुढे सेवाग्राम हे नई तालीमचे केंद्र झाले. मध्य प्रांताच्या कानाकोपऱ्यांतून तरुण वर्ध्याला येऊ लागले. टकळी, चरखा, शेती, सफाई आणि अध्यापन अशी त्यांची तालीम. आपल्या गावाने त्या काळी प्रांताला कापसाच्या गाठींबरोबर गुरुजीही पुरवले, हे आपल्या पोरांना सांगायला हरकत नाही.

योजनेला विरोधही झाला. तो लपवून चरित्र पुरे होत नाही. पहिला विरोध नावाला होता. विद्यामंदिर हा शब्द मुस्लिम समाजातील अनेकांना खटकला. शाळेच्या नावात मंदिर कशाला, आणि उर्दूचे काय होणार, असे त्यांचे म्हणणे. मुस्लिम लीगच्या पीरपूर अहवालातही ही तक्रार आली. नागपुरात आंदोलन झाले, लोक तुरुंगात गेले. शेवटी १९३९ मध्ये लीगच्या नेत्यांशी बोलणी होऊन तडजोड झाली आणि मुस्लिम मुलांच्या शाळांना वेगळे नाव ठेवण्याची मुभा मिळाली. शुक्लजींच्या मनात मंदिर म्हणजे विद्येचे घर एवढाच अर्थ असणार. तरीही माझे मत सांगतो. ज्या शाळेत सगळ्यांची मुले यायला हवीत, त्या शाळेच्या दारावर कोणालाही परके वाटेल असा शब्द नसावा. नाव सुरुवातीलाच बदलले असते तर दीड-दोन वर्षांची शक्ती वाचली असती. साध्या पाटीवरून मोठे काम अडते, हे आपण शाळांच्या नामकरणाच्या भांडणांत आजही पाहतो.

दुसरी उणीव मला जास्त बोचते, कारण ती माझ्या पेशाची आहे. महिना १५ रुपये. झाकिर हुसेन समितीपुढे गांधीजींची सूचना अशी होती की शिक्षकाला शक्यतो २५ रुपये द्यावेत आणि २० च्या खाली तर जाऊच नये. विद्यामंदिराचा गुरुजी त्याही खाली राहिला. शिवाय जमिनीचे उत्पन्न दर वर्षी सारखे नसते, हे वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला कोणी शिकवायला नको. एक वर्ष कपाशी साधते, दुसऱ्या वर्षी बोंडे पावसात सडतात. गुरुजीचे पोट पावसावर टांगले की शाळाही पावसावर टांगली जाते. युद्धाच्या काळात महागाई वाढली तेव्हा १५ रुपयांचे मोल किती उरले असेल, हे सांगायला नको. स्वस्तात शाळा वाढवायच्या म्हटले की कात्री पहिली गुरुजीच्या पगाराला लागते. वस्तीशाळेच्या निमशिक्षकाला अल्प मानधन, मग शिक्षणसेवकाला तीन वर्षे मानधन. ही परंपरा जुनी आहे. शुक्लजींसारखा मास्तरकी केलेला मंत्रीही तिच्यातून सुटला नाही.

आता राजकारणाचा तो भाग, ज्यामुळे मराठी माणसाच्या मनात अढी बसली. १९३८ च्या जुलैमध्ये डॉ. खरे आणि महाकोशलचे मंत्री यांच्यात बिनसले. खऱ्यांनी राजीनामा दिला, शुक्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्यायला नकार दिला. गव्हर्नरने त्यांना काढून खऱ्यांना नवे मंत्रिमंडळ बनवू दिले. काँग्रेस श्रेष्ठींना हे मान्य झाले नाही. वर्ध्यालाच बैठका झाल्या, खऱ्यांना पायउतार व्हावे लागले आणि २९ जुलै १९३८ रोजी शुक्लजी मुख्यमंत्री झाले. नागपूर-वऱ्हाडातल्या अनेकांना हा मराठी माणसावरचा अन्याय वाटला. आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातही तो सल असायचा. कोण बरोबर, कोण चूक हे सांगणारे ग्रंथ आहेत, मी त्यात पडत नाही. एवढेच म्हणतो की या भांडणामुळे शुक्लजींच्या शाळांकडे आपण मराठी लोकांनी नीट पाहिले नाही. माणूस पटला नाही म्हणून त्याचा हिशेबही फेकून दिला.

नोव्हेंबर १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली. विद्यामंदिरांचा जोर तिथेच ओसरला. जिथे जमीन चांगली आणि दाता जागा, तिथे शाळा टिकली, एरवी मागे पडली. ज्याने योजना काढली तो खुर्चीवर दोन-सव्वादोन वर्षेच होता. शिक्षणाच्या कामाला एवढा काळ म्हणजे पहिलीचा मुलगा तिसरीत जाईपर्यंतचा.

शुक्लजी वैयक्तिक सत्याग्रहात तुरुंगात गेले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या अधिवेशनाहून परतताना मलकापूरला त्यांना पकडले आणि मग लांबचा तुरुंगवास झाला. १९४६ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि या वेळी दहा वर्षांहून अधिक काळ सलग राहिले. त्यांच्या दुसऱ्या कारकिर्दीतल्या तीन गोष्टी आपल्या जिल्ह्याला थेट लागू होतात.

पहिली गोष्ट जनपद सभेची. १९४८ च्या स्थानिक कारभाराच्या कायद्याने डिस्ट्रिक्ट कौन्सिले गेली आणि तहसीलवार जनपद सभा आल्या. हे काम मुख्यतः द्वारकाप्रसाद मिश्र यांचे, पण सरकार शुक्लजींचे. आपल्याकडे वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट या तीन तहसिलींच्या जनपद सभा झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. आपल्यातले जे ज्येष्ठ आहेत त्यांच्या दाखल्यावर जनपद प्राथमिक शाळा असा शिक्का असेल. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा येईपर्यंत त्याच शाळांनी आपल्या खेड्यांना अक्षरे दिली. आपल्या हायस्कूलच्या पाचवीत येऊन बसलेली कितीतरी मुले त्या जनपद शाळांतून आलेली.

दुसरी, मालगुजारी गेली. १९५० च्या कायद्याने मालगुजारांचे आणि जमीनदारांचे मालकी हक्क रद्द झाले. विद्यामंदिराला जमीन देणारा जो वर्ग शुक्लजींनी १९३७ मध्ये गृहीत धरला होता, तोच वर्ग त्यांच्या सरकारने संपवला. यात विसंगती नाही. शाळा कोणाच्या दानावर चालणार नाही, ती सरकारने चालवायची, हे आता राज्यघटनेनेच सांगितले होते. वयाच्या चौदा वर्षांपर्यंत मोफत व सक्तीचे शिक्षण दहा वर्षांत देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे कलम ४५ मध्ये होते.

तिसरी गोष्ट भाषेची. १९५० च्या राजभाषा कायद्याने जुन्या मध्य प्रदेशात हिंदीबरोबर मराठीलाही राजभाषा केले. महाराष्ट्र राज्य व्हायला अजून दहा वर्षे होती. हिंदी भाषक मुख्यमंत्र्याच्या काळात नागपूरच्या सचिवालयात मराठीला हे स्थान मिळाले, हे त्यांच्यावर राग धरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. वर्धा जिल्हा विदर्भासह द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. शुक्लजी नव्या मध्य प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि राजधानी भोपाळला गेली. अवघ्या दोन महिन्यांनी, ३१ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्लीत त्यांचे निधन झाले. वय ७९. त्यांचे पुत्र श्यामाचरण पुढे मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री झाले आणि विद्याचरण केंद्रात मंत्री झाले. रायपूरच्या विद्यापीठाला शुक्लजींचे नाव आहे. वर्ध्यात त्यांची आठवण फारशी निघत नाही.

मग आज ती का काढायची? कारण त्यांचा जुना प्रश्न आपल्या दारात उलट्या तोंडाने उभा आहे.

१९३७ मध्ये मुले होती आणि शाळा नव्हत्या. आपल्या लहानपणीही जागेची ओढाताण होती. एका खोलीत चार वर्ग, दुसरा वर्ग मारुतीच्या देवळात, तिसरा चावडीत, हे आपण पाहिले आहे. १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम आली, निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक असावेत असे ठरले. २००० च्या सुमारास वस्तीशाळा आल्या, तांड्यावर आणि बेड्यावर वर्ग भरले. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला आणि पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे नियमांत आले. शुक्लजींचा मैल म्हणजे साधारण १.६ किलोमीटर. बहात्तर वर्षांनी देश त्यांच्या मैलापाशी पोचला आणि दोन पावले पुढे गेला.

आणि आता खोल्या आहेत, पण पट घसरतो आहे. घरात मुले कमी, त्यात गावाच्या फाट्यावर पिवळी बस येते आणि इंग्रजी शाळेला घेऊन जाते. शहरातल्या शाळेत जागेसाठी रांग, खेड्यातल्या शाळेत बाक रिकामे. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव शासनाने मागवले. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे आहे, हे मी नाकारत नाही. चार मुलांच्या वर्गात मुलाला स्पर्धा नाही, सोबत नाही, खेळायला संघ होत नाही. दोन शिक्षक चार इयत्ता सांभाळतात आणि उरलेला वेळ माहिती भरण्यात जातो. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा होईल, ग्रंथालय होईल.

पण हिशेब कुठून सुरू करायचा, हा मुद्दा आहे. पटापासून सुरू केला तर शाळा बंद करणे शहाणपणाचे दिसते. मुलाच्या पायांपासून सुरू केला तर चित्र बदलते. समुद्रपूर, कारंजा किंवा आष्टी तालुक्यातले एखादे गाव डोळ्यांपुढे आणा. जूनमध्ये पांदण चिखलाने भरते, नाल्याला पूर येतो, गाडीवाला येत नाही. सहा वर्षांची मुलगी तीन किलोमीटर कशी जाणार? पहिल्या आठवड्यात बाप सोडून देईल. वखरणी-डवरणी सुरू झाली की मुलगी घरी राहील. नंतर धाकट्या भावाला सांभाळायला राहीलच. तिचे नाव समूह शाळेच्या पटावर असेल आणि ती घरी असेल. शुक्लजींनी खैरागडला जे पाहिले असणार तेच मी माझ्या हजेरीपटावर पाहिले आहे : लांबची शाळा आधी मुलींची सुटते, मग मजुरांच्या मुलांची, शेवटी इतरांची. ज्यांना पिवळी बस परवडते त्यांना गावातली शाळा बंद झाल्याचा फरक पडत नाही. ज्यांना ती परवडत नाही त्यांच्यासाठीच मैलाचा नियम होता.

विद्यामंदिर योजना जशीच्या तशी आज चालणार नाही आणि चालवूही नये. गुरुजीचा पगार सरकारनेच द्यायचा, पूर्ण द्यायचा. पण तिच्यातला अर्धा भाग आजही आपल्या हातात आहे. गावाने शाळेला आपले काही दिले की ती शाळा गावाची होते. मालगुजार गेले, पण आपण आहोत. या मेळाव्याला येणाऱ्यांत डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, पुण्या-मुंबईला आणि परदेशात स्थिरावलेले आहेत. आपल्या हायस्कूलला स्वागतकमान हवी, सभागृह हवे, ते होईलच. माझी विनंती वेगळी आहे. प्रत्येकाने ज्या प्राथमिक शाळेतून आपण इथे आलो, तिचा आजचा पट किती आहे ते एकदा विचारून घ्यावे. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या घरातले कोणी बसते का ते पाहावे. पट वीसच्या खाली असेल तर गावातली किती मुले बाहेर जातात आणि का जातात, याची यादी करावी. कुठे इंग्रजीसाठी एक मानधनावरची शिक्षिका लागेल, कुठे पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी ऑटो लागेल, कुठे शौचालयाला दार लागेल. एवढ्यासाठी जमीन दान द्यावी लागत नाही.

आणि शाळा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेपुढे आला तर त्या दिवशी गावी जाऊन बसावे. आपल्यापैकी ज्यांना हे जमणार आहे त्यांनी मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर आपल्या गावाचे आणि प्राथमिक शाळेचे नाव लिहून द्यावे. तालुकावार यादी करण्याचे काम मी घेतो. वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर असे आठही तालुके त्यात यावेत.